उसवता येईल असं अंथरूण

आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं मोसंबी घेऊन येतात. लातूरला तर हे ठरलेलंच. दवाखान्याबाहेरच्या गाड्यावरून डझनभर मोसंबी, नाहीतर शहाळं, नाहीतर ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे. अण्णांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात मोसंब्यांची रास लागली होती. गल्लीतल्या लेकरांना वाटली, रस काढून पाहुण्यांची पाहुण्यांनाच पाजली, तरी संपेनात. त्या सगळ्या राबत्यात फळांशिवाय आलेली एकच बाई, माझी चुलत आत्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची हयात गेली. चहा नको म्हणाली, अण्णांच्या चादरीचा कोपरा उचलून खाली बघितलं आणि पिशवीतून तांबड्या रबरी कापडाची गुंडाळी काढून बायकोच्या हातात दिली. "मॅकिंटॉश आहे. चादरीच्या खाली, कमरेच्या जागी. आणि वरून जुन्या लुगड्याची घडी. रबर अंगाला लागू द्यायचं नाही, घाम धरतं, मग कातडं सोलवटतं."

स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं 1823 साली दोन कापडांच्या मधे विरघळवलेलं रबर भरून पाणी न शिरणारं कापड केलं, ते रेनकोटासाठी. पावसापासून वाचवायचं कापड माणसाखाली अंथरायची अक्कल कुणाची, कोण जाणे, पण त्या माणसानं कधीतरी घरी रात्र जागून काढलेली असणार. मोसंबी आणणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आजारपणाचं निम्मं काम कमरेखाली चालतं, आणि त्याबद्दल बोलायची आपल्याकडं रीत नाही, एवढंच.

आत्या आली तोवर एक रात्र होऊन गेलेली होती. लघवीची नळी काढल्यावर काही आठवडे ताबा राहणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. अण्णांनी ते ऐकलं होतं, मानलं नव्हतं. हायस्कूलात गणित शिकवून रिटायर झालेला माणूस. स्वतःच्या शरीराकडूनही शिस्तीची अपेक्षा. पहाटे मी खोलीत गेलो तर ते पलंगावर ताठ बसलेले. मांडीखाली टॉवेल, टॉवेलावर उपरणं, उपरण्यावर कालचा पेपर चौघडी करून. हातात रिकामा पेला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "चहा सांडला."

घरात अजून गॅस पेटलेला नव्हता.

मला काही सुचेना. मागून बायको आली, तिनं पेला त्यांच्या हातातून घेतला. "सांडू द्या की अण्णा. चहाच आहे. इकडं खुर्चीत बसा, मी कोरडं घालते." त्या दिवसापासून आमच्या घरात ते 'चहा'च झालं. पुण्याहून धाकटा भाऊ फोनवर विचारायचा, "रात्री चहा किती वेळा?" लेक शाळेतून आल्यावर गच्चीवर वाळणाऱ्या चादरी मोजून अंदाज बांधायची. अण्णांना हे सगळं कळत होतं, आणि आम्हाला कळतंय हेही त्यांना कळत होतं. पण त्या एका खोट्याच्या आडोशानं ते दिवस निभावले.

आता गादीचं. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेली, वीतभर जाड, मेमरी फोमची. दुकानात पोरानं तिच्यावर पंजा दाबून दाखवला होता. ठसा उमटला, सावकाश भरून आला. हा फोम 1966 च्या सुमारास अमेरिकेच्या नासासाठी केलेला, विमानातल्या सीटांकरता. विमानाच्या सीटवर बसणारा माणूस धडधाकट असतो, तासा-दोन तासांनी उठून जातो. त्या फोमवर अंथरुणाला खिळलेला म्हातारा झोपेल असं तो बनवणाऱ्यांच्या मनातही नसणार. त्याची आठवण मात्र खरंच पक्की असते. आत गेलेलं सोडत नाही.

लघवी ताजी असताना फारशी वासत नाही. तिच्यात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, उरलेल्यात युरिया आणि क्षार. वास येतो तो नंतर. जिवाणू युरिया फोडतात आणि त्यातून अमोनिया सुटतो, डोळ्यांत चुरचुरणारा, जुन्या मुताऱ्यांचा. म्हणजे हातात थोडा वेळ असतो, आणि त्या वेळात काय करता यावर पुढचं सगळं ठरतं. बहुतेक घरांत पहिल्यांदा बादली येते. पाणी ओतायचं, ब्रशनं खसाखसा घासायचं. ओतलेलं पाणी डागाला सोबत घेऊन खाली उतरतं. वरचा टीचभर डाग फिका दिसतो आणि खाली परातीएवढा पसरलेला असतो. जाड फोम पिळता येत नाही. आतलं पाणी आठवडाभर तिथंच राहतं आणि मग कुबट वास आणखी वेगळा.

बायकोनं पाण्याला हातच लावला नाही. जुने सुती कपडे घडी करून डागावर ठेवले आणि मला म्हणाली, "उभे राहा त्याच्यावर." नवऱ्याच्या वजनाचा संसारात झालेला तेवढाच उपयोग. मी उभा राहायचो, ती कपडा बदलायची, मी पुन्हा उभा राहायचो. कपडा कोरडा निघेपर्यंत. मग पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी घालून, इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीतून. डाग भिजेल इतकंच. अमोनिया अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल; दोघं मिळून ज्याचा वास उडत नाही असा क्षार होतो. ते टिपून घ्यायचं, पंख्याखाली वाळू द्यायचं आणि मग खायचा सोडा चाळणीनं भुरभुरायचा, बोटाच्या पेरभर थर. रात्रभर ठेवून सकाळी झटकायचा. खायचाच सोडा, धुण्याचा नव्हे. तो हातही खातो आणि रंगही.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत व्हिनेगर आणि सोडा एकदमच ओततात. छान फसफसतं, बघणाऱ्याला काहीतरी जबरदस्त घडतंय असं वाटतं. घडतं एवढंच की आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे हवेत जातात आणि खाली खारट पाणी उरतं. दोन्ही कामाचे गडी आहेत, पण एका पाळीत नाही लावायचे.

रक्ताचं वेगळं. ऑपरेशननंतर लघवीतून मधूनमधून रक्त जायचं, ते अपेक्षितच होतं. रक्ताला गरम पाणी लावलं की त्यातली प्रथिनं उकडलेल्या अंड्यागत गोठतात आणि धाग्याला धरून बसतात. थंड पाणी, माठातलं असलं तर उत्तमच, त्यात मिठाची चिमूट, आणि बाहेरून आत टिपत यायचं. एवढ्यावर गेलं नाही तर मेडिकलातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडं ते बहुधा सहा टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर '20 व्हॉल्यूम' असं लिहिलेलं. त्यात तेवढंच पाणी घालायचं. रक्तावर पडल्या पडल्या पांढरा फेस येतो. रक्तात कॅटलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं, त्याचा तो फेस. लेक शेजारी बसून बघायची, विज्ञानाच्या पुस्तकातलं घरात घडतंय म्हणून. पण पेरॉक्साइड कापडाचा रंगही उडवतं. आमच्या गादीच्या निळ्या कापडावर आता एक पांढुरका भारताचा नकाशा आहे, श्रीलंकेसह.

त्याच दिवसांत लेकीला शाळेतून उलट्या-जुलाबांची साथ लागली. ते प्रकरण लवकर आटोपलं. उलटी आधी वहीच्या पुठ्ठ्यानं खरवडून उचलायची, घासायची नाही. तिचा तो आंबूस चिकट वास ब्युटिरिक आम्लाचा, खवट तुपात असतो तोच, म्हणून तिथं व्हिनेगर निरुपयोगी आणि सोडा रामबाण. गावाकडं लेकरू ओकलं की थोरल्या बाया चुलीतली राख आणून टाकायच्या. राख ओल पिते आणि मुळात अल्कधर्मी असते. खायच्या सोड्याचा डबा घरात यायच्या कितीतरी आधीपासून हे रसायनशास्त्र चुलीपुढं चालू होतं.

साथीच्या वेळी शेजारच्या काकूंनी सल्ला दिला, "टीसीएल टाका की, ग्रामपंचायतीतून आणून देते." टीसीएल म्हणजे विहिरीत, टाकीत टाकायची ती ब्लीचिंग पावडर. जंतू मारायला तिच्यासारखं काही नाही हे खरं. उलटी-जुलाबाचे काही विषाणू हाताला लावायच्या सॅनिटायझरलाही दाद देत नाहीत, क्लोरीनला देतात. फरशी, मोरी, बादली यांना जरूर लावा. पण लघवी झालेल्या गादीवर टीसीएल पडली तर अमोनियाशी मिळून विषारी क्लोरामाइन वायू होतो, आणि व्हिनेगरशी मिळाली तर थेट क्लोरीन. दार लावलेली खोली, आत उठता न येणारा माणूस. हे एवढं वाक्य मी जिथं संधी मिळेल तिथं बोलून दाखवतो, कंटाळले तरी.

अण्णांची आई, आमची थोरली माय, 2016 च्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळली होती. तो उन्हाळा लातूरकराला विसरता येत नाही. मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवाल्यांचे कॅमेरे स्टेशनावर आणि आम्ही टँकरच्या नंबराला. अशा दिवसांत घरात नव्वदीची, लघवी-संडास सगळं जागेवर असलेली बाई. आई आणि काकूनं ते कसं केलं असेल असं आता वाटतं. तेव्हा मी फक्त घागरी आणत होतो.

थोडं डोळ्यांसमोर आहे. थोरली माय पलंगावर नव्हती, बाजेवर होती. बाजेवर कापसाची पातळ गादी, गादीवर वाकळ, वाकळंवर धडपे, म्हणजे जुन्या धोतराचे, लुगड्याचे तुकडे. ओलं झालं की धडपा निघायचा, फार झालं तर वाकळ. गादीपर्यंत पोचायचं ते महिन्यातून एखाद्या वेळी. राख आधी, ऊन नंतर, पाणी सगळ्यात शेवटी. पाणीही एकच पुन्हा पुन्हा वापरलेलं: भांडी विसळलेलं धडप्यांच्या पहिल्या हाताला, दुसऱ्या हाताचं पुढच्या दिवशीच्या पहिल्याला. बाजेला नवार होती, सुती पट्ट्यांची वीण. तीही सोडून, धुऊन, एका दुपारीत वाळवून संध्याकाळी पुन्हा विणता येई. बाळंतिणीला बाजेवर निजवायचे तेही याच हिशेबानं, खालून शेगडीचा शेक आणि ओव्या-शेपेची धुरी नवारीतून वर यायची.

मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. थोरल्या मायच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, ज्या आज भाड्यानं मिळणाऱ्या एअर बेडवर कदाचित झाल्या नसत्या. काकूचे हात राखेनं फुटले होते. पण ते अंथरूण ज्यांनी बनवलं त्यांना पक्कं माहीत होतं की याच्यावर लेकरं मुततील, बायका बाळंत होतील, म्हातारे मरतील. म्हणून त्याचा प्रत्येक थर वेगळा निघत होता, प्रत्येक थर उसवता येत होता. घट बसायच्या आधी सगळ्या घरची अंथरुणं-पांघरुणं नदीवर जायची ती रीत ह्याच समजुतीतून. मांजरेला पाणी असेल त्या वर्षी काठावरचे खडक रंगीबेरंगी वाकळांनी झाकून जायचे. आमची वीतभर जाडीची गादी मात्र दुकानातल्या त्या पंज्यासाठी बनलेली. तिला शिवण आहे, पण उघडायची चेन नाही. लेबलावर लिहिलंय, धुऊ नये, उन्हात ठेवू नये. म्हणजे करायचं काय तिचं?

उन्हाचं ते म्हणणं खोटं नाही. फोमला कडक ऊन सोसत नाही, पिवळा पडतो, वरून भुगा होतो. आणि लातूरचं मे महिन्यातलं ऊन चाळिशी ओलांडून बसलेलं असतं. कापसाला ते ऊन म्हणजे औषध. आतपर्यंत कोरडं होतं, ढेकूणही पळतात. फोमच्या आत ऊन पोचतच नाही, त्याला सावलीत उभं करून वारा द्यावा लागतो. तेही केलं. गादी गच्चीवर न्यायची म्हणजे मी खाली, मेहुणा वर, आणि आमचा जिना नागमोडी. मधल्या वळणावर ती अडकली ती वाकेना, मागं येईना. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना, एकमेकांना न दिसता, "दाबा दाजी", "अरे उचल आधी" करत उभे. खालून अण्णांचा आवाज आला, "कर्णावर धरा, कर्णावर!" गणिताचे मास्तर.

वर नेल्यावर दुसरा प्रश्न. डाग कुठल्या बाजूला करायचा? आमच्या गल्लीत दोऱ्यांवरचे कपडे पेपरासारखे वाचले जातात. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी विचारणारच, "काय करायलाव हो सर? गादी का काढली?" बायकोनं डागाची बाजू टाकीकडं वळवली आणि वरून चादर सोडली. अण्णा खाली होते, त्यांना हे दिसणारही नव्हतं. तरी केलं.

वास गेला. मग पाऊस लागला, हवा दमट झाली आणि वास परतला. वाळलेल्या लघवीतला युरिया आणि क्षार हवेतली ओल पुन्हा ओढून घेतात, जिवाणू पुन्हा कामाला लागतात. युरिक आम्ल तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, लिटरभर पाण्यात जेमतेम साठ मिलिग्रॅम. त्यासाठी विकरांचे क्लीनर येतात, कुत्री-मांजरी पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळतात, आणि ते खरंच काम करतात, डागाइतके खोल पोचले तर. आमचे पोचले नाहीत. अण्णा तोवर बरे झाले होते, चहा कपातच राहत होता. पण ते खोलीत आले की नाक वर करून एकदा हवा हुंगायचे आणि काही न बोलता खिडकी उघडायचे. ते बघवेना.

गंजगोलाई म्हणजे लातूरची गोल बाजारपेठ, तिच्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्याच्या आतल्या बोळात एक पिंजारी चाचा आहेत. त्यांच्या वडलांकडं कापूस पिंजायची धुनकी होती. तिचा टणत्कार ऐकला की आम्ही पोरं मागं मागं पळायचो. आता मशीन आहे. मी आधी त्यांना फोमच्या गादीचं विचारलं. त्यांनी तिच्याकडं फोटोतच बघितलं. "साहेब, ह्याचं मी काय करू? ह्याला पिंजता येत न्हाई. कापूस दबतो, मरत न्हाई. हे मरतं."

माळ्यावर थोरल्या मायची गादी गुंडाळून ठेवलेली होती. ती रिक्षात घालून नेली. चाचांनी ब्लेडनं शिवण उसवली, आत कापसाचे काळपट, दगडासारखे गोळे. मशीनमधून ते निघाले तेव्हा बोळभर पांढरी धूळ आणि मशीनच्या तोंडाशी कमरेएवढा ढीग. एकाच जाड गादीऐवजी दोन पातळ करायला सांगितल्या. पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाट, आणि दोन्हींना वरून वेगळी खोळ, एका बाजूनं नाडीची. चाचा हसले. "गादीला नाडी? परकर हाय का साहेब?" पण लावली. दाभणानं टाके घालता घालता म्हणाले, टाके विरळ घालतो, म्हणजे उसवायला सोपं.

फोमची गादी भंगारवाला घेईना. शेवटी डाग पडलेला मधला भाग सुरीनं कापून टाकला आणि उरलेल्याचे गच्चीवरच्या बाकड्यांसाठी तुकडे केले.

अण्णांनी नव्या गाद्या आल्या त्या दिवशी बायकोकडून वजनकाटा मागवला. थोरल्या मायची जुनी गादी पिंजायला गेली तेव्हा साडेनऊ किलो होती, ते त्यांनी पेपराच्या कडेला लिहून ठेवलं होतं. दोन्ही नव्या मिळून, खोळी काढून, आठ भरल्या. चाचांचं म्हणणं, दीड किलो धूळ होती. अण्णांना ते पटलेलं नाही. जुना गादीपाट वजा केला का, नव्याचा धरला का, असे प्रश्न त्यांनी कागदावर काढून ठेवलेत, आणि चालता येऊ लागल्यापासून आधी गंजगोलाईला घेऊन चल म्हणतात.